गाल वर, चष्मा खाली

३ मार्च, सकाळी ९.४०
मालकीणबाई म्हणाल्या, हल्ली थकलेले दिसता, एकदा डोळे तपासून घ्या. डोळे हे निमित्त. त्या माझ्या गालांकडे बघत होत्या. बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली आहेत, माणूस कुठे बघतोय ते मला कळतं.

दुसरं दुकान उघडतंय. तिथला प्रमुख एकतर मी, नाहीतर हसरी. हसरी म्हणजे आमच्याकडे डोळे तपासते ती मुलगी. वय एकोणतीस. हसून झालं की तिचे गाल जागेवर परत येतात. माझे जागेच्या खाली येतात. निर्णय ३१ तारखेला.

दुकानात अकरा आरसे आहेत. आज सगळ्यांत बघितलं. नऊ खराब निघाले.

४ मार्च
संकल्प. चेहऱ्याचा व्यायाम रोज वीस मिनिटं. आ, ई, ऊ, गाल फुगवणे. गोड बंद. उशी बंद. महिनाअखेर दहा वर्षांनी लहान.

वीसपैकी सहा मिनिटं झाली. जबडा दुखतोय, म्हणजे लागू पडतंय.

६ मार्च
बाथरूममध्ये ऊ चालू असताना हिने दार वाजवून विचारलं, पोट बरं आहे ना. बरं आहे म्हटलं. बायकोला सगळंच सांगायची गरज नसते.

गोड एकदाच. तेही उभ्या उभ्या.

९ मार्च
क्रीम आणलं. डबीवर लिहिलंय, सात दिवसांत फरक. अर्धी डबी हिने टाचांना लावली. म्हणते, टाचा काय मऊ झाल्यात. गालांना अजून पत्ता नाही.

११ मार्च, रात्री ८
उपाय सापडला. पारदर्शक टेप. कानापुढची कातडी मागे ओढायची, चिकटवायची, वरून केस. केस आहेत तेवढे. गाल चांगले बोटभर वर गेले. जरा दचकल्यासारखा दिसतो, पण तरतरीत.

मालकीणबाईंनी दोनदा वळून बघितलं. काम झालं म्हणायचं.

१२ मार्च
आता डोळे तपासून घ्यायला हरकत नव्हती. हसरीने तपासले. प्रोग्रेसिव्ह लागला. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं, मधे रेघ नाही. रेघ नसल्यामुळे वय कळत नाही. मोठी फ्रेम घेतली, बरेच गाल झाकले जातात.

या काचांना माप लागतं. फ्रेम घातल्यावर बुबुळ जिथे येतं तिथे काचेवर मार्करने टिंब द्यायचं. हसरी पुढे आली. तिला टेप दिसली असती. म्हटलं, माझं माप मीच घेतो. आरशात बघून घेतलं. दुकानात माझ्याइतकं अचूक टिंब कुणी देत नाही.

१७ मार्च
चष्मा आला. फर्स्ट क्लास.

१९ मार्च
टेपखाली पुरळ. खाज. टेप चार दिवस बंद.

गाल खाली आले की फ्रेमही खाली येते. ती गालांवरच टेकते. जवळचं बघायला हनुवटी वर करावी लागते. ही म्हणाली, पेपर वाचताय की छत बघताय. फ्रेमच सदोष. कंपनीला कळवायला हवं.

२१ मार्च
गिऱ्हाइकांची मापं घेताना मान मागे टाकून खुर्चीत जरा घसरून बसावं लागतं. माप देताना ती माझ्या डोळ्यांत बघतात, म्हणून त्यांचीही नजर थोडी खाली येते. बाकी काही फरक नाही.

२४ मार्च
शिवणकाम करणारी बाई चष्मा परत घेऊन आली. सुईचं भोक दिसायला तोंड वर करावं लागतं म्हणे. म्हटलं, सवय होईल. ती म्हणाली, माझं पोट या सुईवर आहे हो.

काचा बनवणाऱ्यांची चूक. त्यांना फोनवर चांगलं झापलं.

२६ मार्च
आणखी तीन परत. त्यातला एक बस चालवतो. रस्ता दिसतो, पण वेगाचा काटा दिसत नाही. मालकीणबाईंनी चारही चष्मे माझ्या टेबलावर ओळीने ठेवले आणि गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

भीती वाटते. हिला सांगणार होतो. त्याऐवजी व्यायाम केला, तीस मिनिटं.

२८ मार्च, दुपारी १
सात झाले. आज पुरळावरच टेप लावली, दुहेरी. फ्रेम वर गेली आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. परत आलेले सातही चष्मे मोजले. सातही टिंबं खाली. दोन मिलीमीटर, कुठे तीन. मापाच्या चिठ्ठ्यांवर सही माझी.

योगायोग असू शकतो.

तीन दिवस टेप टिकली की झालं. नेमणूक एकदा हातात पडू दे, सगळ्यांची मापं नव्याने घेईन.

३१ मार्च
साडेअकराला मालकीणबाईंनी आत बोलावलं. म्हणाल्या, तुमचं नाव मी फेब्रुवारीतच ठरवलं होतं. लोक तुमच्यासमोर निवांत बसतात. वयस्कर, अनुभवी माणूस दिसतो, म्हणून विश्वास टाकतात. पत्रसुद्धा टाइप केलं होतं. ते त्यांनी दाखवलं. मग दुसरं दाखवलं. दुसऱ्यावर हसरीचं नाव होतं.

मी घामाने भिजलो होतो. त्या बोलत असतानाच डावी टेप सुटली. एक गाल खाली, एक वर. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

बाहेर आलो तर हसरी माझी खुर्ची ओढून उभी होती. रोज सर म्हणते. आज म्हणाली, बसा काका, तुमचं माप घेऊ. उजवी टेप तिनेच काढली. हळू काढली, तरी चार केस गेलेच. गाल होते तसे लोंबले. तिने फ्रेम नाकावर बसवली, माझ्यासमोर ताठ बसली, म्हणाली, सरळ माझ्याकडे बघा.

रडू येत होतं. पण टिंब देईपर्यंत बुबुळ हलू द्यायचं नसतं, म्हणून थांबलो.