थोरच्या देवळाचं लाकूड

उन्हाळ्याचा पाचवा आठवडा, सोमवार

देऊळ उतरवलं! वडिलांनी नॉर्वेहून जहाजात घालून आणलेले गडगडाटाच्या देवाचे, थोरचे खांब आता चर्चला लागणार. सभेत कायदाच झालाय — आइसलंडभर सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा. भांडून काय मिळणार? शिवाय पाद्रीबुवा म्हणतात, चर्चमध्ये जितकी माणसं उभी राहतील, तितकी बांधणाऱ्याबरोबर स्वर्गात जातील. शेजारचा ओन्युंड लगेच चिडवून गेला — "माझ्या चर्चमध्ये साठ मावतात, म्हाताऱ्या! तुझ्या खुराड्यातून काय कोंबड्या नेणार?"

मंगळवार

खांब तासताना लहानपणी पाठ केलेली थोरची कवनं आपोआप ओठांवर आली. चुकलं की गुरुजी कान पिळत. कान दुखायचा, पण ओळ काय गोड लागायची! लेक योरुन ओरडली, "बाबा, चर्च बांधताय ना? मग हळू म्हणा!"

पाद्रीबुवा ऐकत होते. म्हणाले, "चाल छान आहे हो." याच भल्या माणसाने मला या वयात अक्षरं शिकवली, लिहायला हे कातडंही दिलं.

सहावा आठवडा, शुक्रवार

धीर करून विचारलं — माझी आलोफ? बारा हिवाळे झाले तिला टेकाडाखाली पुरून. फ्रेयादेवीची भक्त, गळ्यात अंबराचे मणी. माझ्या चर्चमधली एक जागा बायकोला नाही का मिळणार?

पाद्रीबुवा कितीतरी वेळ टोपीशी चाळा करत राहिले. "तिचा बाप्तिस्मा नव्हता ना, आजोबा... ती नाही यायची तिकडे."

रात्रीचा मासा माझ्या वाटचा कुत्र्याने खाल्ला.

आठवा आठवडा, बुधवार

चर्च झालं! किती मावतात बघायला सगळ्यांना आत कोंबलं. मेंढरांसारखं! पोटं आत, श्वास बंद — बत्तीस! "बाबा, तुम्ही या, तेहेतीस होतील!" मी दार धरून बाहेरच उभा. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवार

बाप्तिस्म्याला नदी कुणालाच नको. "देव नवा चालेल, पण गार पाणी नाही!" तेव्हा उद्या गरम पाण्याच्या कुंडात.

शुक्रवार

सगळे उतरले. ओन्युंड तर बाहेर निघेना! मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळले. पाद्रीबुवांनी ओली डोकी मोजली, माझ्या कोरड्या डोक्यापाशी थांबले, मग ढगांकडे बघत म्हणाले, "झाले सगळे."

योरुनला सांगून ठेवलंय — मला टेकाडाखालीच, आलोफच्या डावीकडे.