पन्नासच्या लेन्सचं झाकण

डोणगाव, ता. मेहकर
५ जानेवारी २०२५

चि. छाया हिला मोठीआईचा सप्रेम जयभीम व अ. आ.

वि. वि. तू नवा कॅमेरा घेतल्याचं तुझ्या बाबांकडून, देवानंद भाऊजींकडून, कळलं. त्यांची तक्रार अशी की पोरगी पुण्यात जेवायचं विसरते, पण कॅमेरा पुसायचं विसरत नाही. मला बरं वाटलं. तुझे मोठेबाबा गेल्यावर का होईना, त्यांचं कोणीतरी काही उचललं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन वाजला की तुझ्या आजी शेजारी येऊन बसतात आणि ही गोष्ट त्यांच्याबद्दलचीच आहे.

आजींना फोटो काढून हवा आहे. तुला खरं वाटणार नाही. मोठ्याबाबांनी स्टुडिओतल्या खुर्चीवर सारं डोणगाव बसवलं, पण स्वतःच्या आईला बसवणं काही जमलं नाही. कधी हात पिठात, कधी लुगडं जुनं, कधी नुसतंच उद्या. परवा ऊन खात बसल्या होत्या आणि एकदम म्हणाल्या की माह्या प्रेमानंदाले मी जनमभर नाही म्हणत राह्यली, आता त्याच्या भिंगाले तरी हो म्हणते. भाऊजींनी लगेच मोबाईल समोर धरला तर तोंडावर पदर ओढला. या डबड्यातून नाही, म्हणे. प्रेमानंदाच्या भिंगातून काढा, नाही तं काढूच नका.

कॅमेरा मोठ्याबाबांनी शेवटी विकला, पण अठ्ठावीस, पन्नास आणि एकशे पस्तीस मिलिमीटरच्या तीन लेन्स ठेवल्या. कॅमेरा म्हातारा होतो, काच होत नाही, असं म्हणायचे. त्या तुझ्या कॅमेऱ्याला लागतील का? आजींना आता न्हाणीपर्यंत जातानाही दम लागतो. फार लांबवू नकोस.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
मोठीआई (रेणुका)


पुणे
१३ जानेवारी २०२५

आदरणीय मोठीआई,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मी उडालेच. पत्र हातात पाहून माझ्या रूमवरच्या मुलीला वाटलं की माझं लग्न ठरलं. आजी आणि फोटो! त्यांना सांग, नात येते आहे, आता माघार नाही.

जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर छान चालतात. फोकस आपोआप होत नाही, लेन्सची कडी हातानं फिरवावी लागते, एवढंच. मध्ये एक रिंग बसवावी लागते आणि ती लेन्सप्रमाणे वेगळी असते. म्हणून तुला एक काम. प्रत्येक लेन्सचं मागचं झाकण काढून बघ. मागे बरणीसारखे आटे आहेत, की फिरवून अडकवायचे तीन कान आहेत? आणि बॅटरी मारून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी.

माझं मन पन्नासच्या लेन्सवर आहे. अठ्ठावीसची जवळून चेहरा फुगवते, आणि एकशे पस्तीसची घेऊन मला अंगण सोडून रस्त्यावर उभं राहावं लागेल. पन्नासची माझ्या कॅमेऱ्यावर चेहऱ्यासाठी अगदी नेमकी ठरेल. जुनी काच नव्यासारखी टोचून दाखवत नाही, सुरकुती असते पण मऊ येते. मोठ्याबाबांच्या फोटोंमध्ये तो मऊपणा होता, आठवतो का?

तुझ्या हातच्या ठेच्याची वाट पाहणारी,
छाया


डोणगाव
२१ जानेवारी २०२५

चि. छाया हिला अ. आ.

तुझं काम केलं. तिन्ही लेन्स उन्हात फडक्यावर मांडल्या तर आजी राखणीला बसल्या आणि शेजारच्या तानुबाईला जवळ येऊ देईनात.

अठ्ठावीसची एका लग्नात पडून तडकलेली आहे, तरी त्यांनी टाकली नव्हती. तिचं मागचं झाकण काढलं. मागे बरणीसारखे आटे आहेत. एकशे पस्तीसच्या आत पुढूनच बुरशी दिसली. पन्नासची पुढून स्वच्छ आहे, बॅटरीच्या उजेडात विहिरीच्या पाण्यासारखी.

पन्नासचं मागचं झाकण मात्र मी काढलं नाही. ते त्यांनी शेवटचं लावलेलं आहे. अठ्ठावीसची आधीच फुटलेली, म्हणून तिला हात लावायला काही वाटलं नाही. हिचं झाकण फिरवायला गेले आणि थांबले. तू हसशील तर हस. पण तिन्ही एकाच पेटीतल्या, एकाच माणसाच्या, तेव्हा आटेच असणार. तू आलीस की तूच उघड.

आजींनी हिरवं लुगडं काढून ठेवलं आहे. रोज विचारतात, पोरगी काऊन नाही आली अजून? मी म्हणते, तिची रिंग यायची आहे. तर म्हणतात, आपल्यात रिंग पोरगा घालते, ही कुठची नवी रीत? कधी येतेस ते कळव.

माया आहे तशीच असू दे.

मोठीआई


पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मोठीआई,
सविनय जयभीम.

सुखरूप पोचले. पण रविवार डोळ्यांपुढून हलत नाही. आजी सकाळपासून तेल-वेणी करून, हिरवं लुगडं नेसून, भिंतीकडे पाठ आणि उजेडाकडे तोंड करून बसल्या होत्या. मोठेबाबा लोकांना बसवायचे अगदी तशा. आणि मी झाकण उघडलं तर आत कान. माझी आट्यांची रिंग बसेना. अठ्ठावीसच्या लेन्सला बसली, पण तिच्यातून नुसते तडेच दिसले. तू चहा ठेवायला आत गेलीस. चूक तुझी नाही. झाकण उघडलं नाही हे तू लिहिलं होतंस. थांबून विचारायला हवं होतं ते मी विचारलं नाही.

माझ्या कॅमेऱ्यावरच्या लेन्सनं काढते, असं म्हणून पाहिलं. आजींनी मान हलवली, म्हणाल्या की इतके दिवस थांबली, अजून आठ दिवस थांबीन, मी काय पळून जाऊन राह्यली का बे? मग मीही कॅमेरा बॅगेत ठेवला. मलाही ती पन्नासचीच हवी होती ना. आता ही दुसरी रिंग मागवली आहे. ती घेऊन मी तेवीसला येते.

आजींना सांभाळ.

छाया


पुणे
१८ मार्च २०२५

आदरणीय मोठीआई,
जयभीम.

आजींच्या मातीला आले तेव्हा तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तेवीसची तिकिटं काढलेली होती आणि एकोणीसलाच बाबांचा फोन आला. रिंग त्या दुपारीच रूमवर पोचली होती.

तुला एक सांगायचं आहे. सांगू नये असंही वाटतं, पण दुसरं कोण आहे? काल जुन्या लेन्सबद्दल वाचत होते. त्यात लिहिलं होतं की रिंग नसली तरी चालतं. लेन्स कॅमेऱ्यापुढे दोन-तीन बोटं अंतरावर हातात धरायची, मधली फट मुठीनं झाकायची, आणि हातच थोडा पुढे-मागे करून फोकस जमवायचा. मी रूमवर दुसऱ्या एका जुन्या लेन्सनं करून पाहिलं. पहिल्याच वेळी जमलं. खिडकीतली कुंडी, मऊ, मोठ्याबाबांच्या फोटोंसारखी.

मोठीआई, त्या दिवशी लेन्स माझ्या हातात होती. आजी समोर होत्या. नुसती मूठ करायची होती.

रिंग परत पाठवायची मुदत एप्रिलमध्ये संपते. काय करू?

छाया


डोणगाव
२७ मार्च २०२५

चि. छाया हिला सप्रेम जयभीम व अ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मग दळण घेऊन गिरणीवर गेले, कारण घरात बसवेना.

आजींच्या पुण्यानुमोदनाला जमलेले लोक विचारत होते की फोटोवाल्याच्या आईचा फोटो कुठे आहे. भाऊजींनी मेहकरहून आधारकार्डावरचा मोठा करून आणला. तो इतका काळा आला की आजी कोणावर तरी चिडलेल्या दिसत होत्या. तो मी लावू दिला नाही. नुसती फुलं ठेवली. भाऊजी रुसले, म्हणाले की वहिनी, काहीच नसण्यापेक्षा हा काय वाईट होता? तुझं पत्र आल्यापासून तेच वाक्य कानात आहे. त्या रविवारी तुझ्या कॅमेऱ्यावर चांगली लेन्स होती, आणि आपण तिघी एका पन्नासच्याच हट्टावर अडून बसलो. आजींचा हट्ट समजण्यासारखा होता. त्यांना त्यांच्या लेकाला हो म्हणायचं होतं. आपण दोघींनी त्यांना दटावायला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाला औषध घ्यायला दटावतोच की.

तुला दोष देत नाही. चार वर्षं ज्या झाकणाला मी हात लावला नाही, ते तू माझ्यादेखत उघडलंस तेव्हा मला आधी आत काय आहे ते पाहायचं नव्हतंच. माझं लक्ष फक्त तुझ्या बोटांकडे होतं. म्हणून मी चहाला आत गेले.

मुठीनं जमलं असतं, हे भाऊजींना सांगू नकोस. आईसाठी आपण काही केलं नाही, असं त्यांना आधीच वाटतं. आणखी एक कशाला? तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तेवढं बास. आपण दोघी मिळून ते वागवू.

रिंग परत पाठवू नकोस. तानुबाई काल कुंपणापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, छाया आली की माहाबी एक काढजो म्हणा, मले कोणतीबी काच चालते. मी म्हटलं, काढेल. मग विचारते, कधी? मी पटकन रविवार सांगून बसले. तेव्हा सहा तारखेच्या रविवारी ये. आलीस की आधी बॅगेत जे असेल त्यानं तिचा एक काढ, मी तुला पाणी विचारायच्याही आधी. पन्नासची मग लाव सावकाश.

जो लोभ उरला आहे तो घेऊन ये.

तुझी,
मोठीआई