कढणाचा दुसरा चमचा

आई, आज पेणला वकिलांकडे जाऊन आले. पुढे कधी माझं बरं होणं शक्यच नसेल, तर मला यंत्रांवर आणि नळ्यांवर जगवू नये, असं आता आधीच लिहून ठेवता येतं. तुझ्या वेळी आपल्याला असलं काही ठाऊक नव्हतं. अन्ननलिकेच्या कर्करोगाने तुझं गिळणं बंद होत आलेलं, आणि एका सकाळी तू नाकातली नळी स्वतःच उपसून काढलीस. रोह्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, लगेच आणा, परत घालू. मी रिक्षा बोलावली. तू खाटेवरून दाराकडे बघतेस आणि घोगऱ्या आवाजात म्हणतेस, "त्याला चा दे नि लावून दे परत. मी कंटाळले गो." रिक्षावाला चहा पितो, निघतो. मी त्याला थांबवत नाही.

मग आपल्याकडची रीत सुरू झाली. जीव कशात अडकू नये म्हणून पार खांब गावापासूनच्या बायका तुझ्या आवडीचं काहीबाही घेऊन यायला लागल्या. तू सगळ्यांपुढे ओठ मिटून घ्यायचीस, आणि मी प्रत्येकीला समजवायचे, तिला नकोय, तिचं तिने ठरवलंय. एका दुपारी काकू वालाचं कढण घेऊन आली. "वयनी, जन्मभर माझ्या हातच्याला नावं ठेवलीस. आता तरी गपगुमान घे." तू हसलीस, आणि तोंड उघडलंस. एक चमचा, मग दुसरा. "मीठ कमीच हाय," म्हणालीस.

त्याच आठवड्यात तू गेलीस. ते तोंड उघडणं काय होतं? तुला जगावंसं वाटलं, की दारी आलेल्या जावेचा मान राखलास? मी रिक्षा परत बोलवायला हवी होती का? काकू म्हणते, "इच्छा पुरी झाली, सुटली." तिला शंका नाही.

वकिलांना मी विचारलं, नंतर मन बदललं तर? "केव्हाही रद्द करता येतं, मॅडम. फक्त लेखी हवं." मी सही केली. कायदा चूक आहे असं म्हणणार नाही. तो तेव्हा असता तर तुझं म्हणणं मला एकेकीला पटवत बसावं लागलं नसतं. पण चमच्यापुढे उघडलेलं तोंड कोणत्या कलमात बसवायचं, ते मला कळत नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय: त्या दुसऱ्या चमच्याला मला तुझा राग आला होता. मी साऱ्या गावाशी तुझ्या वतीने भांडत होते, आणि तू मला न विचारता जेवलीस.