मागच्या खोलीची भिंत

२९ नोव्हेंबर

घर विकायचं तर याच थंडीत. ठरलं! लेकीजवळच्या दोन खोल्यांचा बयाणा देऊन बसलोय, आणि फेब्रुवारीत बाकीचे दिले नाहीत तर त्या हातच्या जाणार. उजवा खांदा आता छताला ब्रश लावू देत नाही. रंगकाम संपल्यातच जमा. मग इथे राहून करायचं काय?

थंडीतच का, तर मागची खोली. तिच्या उत्तरेच्या भिंतीत जमिनीतून पाणी चढतं. कोरड्या हवेत भिंत गुपचूप असते. पावसात कमरेएवढी ओल, पोपडे, कुबट वास. सव्वीस वर्षं खरवडतोय. एवढ्या लोकांच्या भिंती सरळ केल्या, घरची काही मला दाद देत नाही!

२ डिसेंबर

हिला आठवड्याभरासाठी लेकीकडे धाडलंय. भिंत पार गिलाव्यापर्यंत खरवडली. ओल दाबणाऱ्या जाड प्रायमरचे दोन हात, पुट्टीचे दोन, पॉलिश पेपर, मग रंग. एकच भिंत ताजी दिसली तर शहाण्या माणसाला लगेच संशय येतो, म्हणून चारही केल्या. फिकट बदामी. खांदा बोंबलतोय.

४ डिसेंबर

उलटा हात लावून पाहिला. कोरडी ठणठणीत.

६ डिसेंबर

ही आली. आल्या आल्या मागच्या खोलीत गेली आणि उभी राहिली. "झकास झालीय हो." मग हळूच — "पण घेणाऱ्याला सांगून टाकायचं ना?"

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, घर मी विकतोय की तू? या बाबतीत तू तोंड घालायचं नाहीस! जरा जास्तच मोठ्याने बोललो. शेजारची खिडकी बंद झाल्याचं ऐकू आलं.

"बरं," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. एवढी निमूट ऐकणाऱ्यातली ही नाही. समजली असेल.

११ डिसेंबर

दलालाचं नाव आम्ही 'होऊन जाईल' ठेवलंय. काहीही विचारा, एकच उत्तर. आज त्याने एक जोडपं आणलं. त्या बाईने घर सोडून आमचा फ्रिज उघडून पाहिला! किंमत ऐकल्यावर दोघांनाही एकदम दुसरीकडे जायची घाई झाली.

१५ डिसेंबर

आज एक बाई आल्या. ग्रंथालयात नोकरी, पंचेचाळिशीच्या, घरी त्या आणि म्हातारे वडील. टेप काढून कपाटांची उंची मोजली, खिडक्या उघडून मिटून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. माझा जीव वरखाली. मागच्या खोलीत भिंतीकडे हात नेला तेवढ्यात दलाल म्हणाला, "अहो, मालक स्वतः रंगारी आहेत! तीस वर्षांचा हात!"

"मग भिंती काय बघायच्या," त्या म्हणाल्या आणि हात खाली घेतला.

मी हसलो. चांगले दात दाखवून हसलो.

२० डिसेंबर

लिहायलाच नको वाटतंय.

बाई वडिलांना घेऊन आल्या. आजोबा पूर्वी शिंपीकाम करायचे. दारातच माझी कॉलर चिमटीत धरून म्हणाले, "उसवलीय. दोन टाके घाला, नाहीतर सगळी जाईल." दहा पावलं चालले की थांबतात. खिशात दम्याचा पंप. छातीत शिट्टी वाजते, ती समोरच्याला ऐकू येते.

सगळं घर फिरले आणि मागच्या खोलीत खुर्ची मागून बसले. "हीच माझी. बघ गं, कशी नव्यासारखी आहे! बाकीच्या खोल्या हिच्यापुढे कळकट." बाई मला म्हणाल्या, "आत्ताच्या घरात फार ओल आहे हो. डॉक्टर म्हणाले, औषधं बदलून भागणार नाही, घर बदला."

साधं काम केलं असतं, कुठे ब्रशाचे फटकारे ठेवले असते, तर म्हाताऱ्याने पुढची खोली घेतली असती. पण माझ्या हाताला वाईट काम येत नाही ना! फसवतानासुद्धा कोपरे रेखीव पाहिजेत. माझ्याच सफाईने त्यांना त्या भिंतीपाशी नेऊन बसवलं.

ही चहाचे कप घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलं तिने. माझ्याकडे पाहिलं नाही. आजोबांना चहा दिला आणि साखर बरोबर आहे का विचारलं.

२१ डिसेंबर

जेवण गेलं नाही. हिने ताट उचललं, का म्हणून विचारलंही नाही.

४ जानेवारी

आज सांगायचंच म्हणून ग्रंथालयात गेलो. दाढी करून गेलो! बाई टेबलामागे पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारत होत्या. मला पाहून शिक्का बाजूला ठेवला. "या ना. बोला."

मी उभा. मागे दोन माणसं रांगेत. काय बोलावं? म्हटलं, "सभासद व्हायला काय लागतं?"

बाई जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी फॉर्म दिला. तो भरला आणि पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन घरी आलो. शेवटचं पुस्तक कधी वाचलं ते मलाच आठवत नाही. ही म्हणाली, "हे काय?" म्हटलं, "वाचायला."

भेकड आहे मी. दुसरं काय!

१८ जानेवारी

सह्या झाल्या. नोंदणी कचेरीत बाकावर दोन तास ताटकळलो. आजोबा आले नव्हते, थंडी बाधते त्यांना. माझा अंगठा उठेना — इतक्या वर्षांच्या रंगाने रेघाच पुसल्यात. कारकून वैतागला, तीनदा घेतला.

सही करायच्या आधी बाईंनी पेन हातात तसंच धरून विचारलं, "घराबद्दल अजून काही सांगायचं राहिलंय का?"

मला विचारलं. सरळ माझ्याकडे बघून. यापेक्षा सोपं कुणी करून देणार होतं?

मी म्हटलं, "स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी घट्ट आहे. जरा उचलून लावावी लागते."

"होऊन जाईल!" दलाल म्हणाला. बाईंनी मान खाली घालून सही केली.

१९ जानेवारी

कडी! कडी सांगितली मी!

२ फेब्रुवारी

बांधाबांध. ही वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळतेय, मी खोकी बांधतोय. दिवसभरात चार वाक्यं झाली असतील, त्यातली तीन दोरीबद्दल.

मागच्या खोलीतलं कपाट हलवलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. लाज वाटते. इथे तरी स्पष्ट लिहितो — मी दम्याच्या म्हाताऱ्याला ओलीच्या खोलीत झोपवतोय आणि त्या पैशांत लेकीजवळ मजेत राहणार आहे. धंद्यात कुणाला पातळ रंग दिला नाही, डबा अर्धा मारून पूर्ण सांगितला नाही. ती सगळी अब्रू एका भिंतीत घातली.

किल्ली देताना सांगणार. भिंत खालपासून फोडून, पाणी अडवून नीट करून द्यायची, माझ्या खर्चाने. खांदा गेला खड्ड्यात.

१० फेब्रुवारी

टेम्पो भरत होतो, तेवढ्यात दलाल येऊन किल्ली घेऊन गेला. बाईंना रजा नव्हती म्हणे. आणि मला — काय सांगू — हायसं वाटलं! मग तेच आठवून दिवसभर स्वतःचा राग राग केला. नव्या घरात खोक्यांवर बसून जेवलो. लेक खूश आहे. तिच्याकडे बघवेना.

१३ फेब्रुवारी

उद्या जातो. कुणाला न सांगता.

१४ फेब्रुवारी

गेलो. दार उघडंच होतं, आत बाई आणि गवंडी. मागची भिंत कमरेपर्यंत फोडलेली. मी म्हटलं, "बाई, या भिंतीबद्दल मला —"

"वहिनींनी डिसेंबरातच सांगितलं. बाबांना पाहिलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या." बाई शांतपणे बोलत होत्या. "भिंत नीट होते असं गवंडी म्हणाला, म्हणून घर घेतलं. बाबा पुढची खोली घेणार आहेत. वहिनी म्हणाल्या होत्या, तुम्ही स्वतःहून कधीच बोलणार नाही, तुम्हाला विचारू नका. मी तरी विचारून पाहिलं."

घरी आलो. ही पडदे लावत होती. "कुठे गेला होता?"

"असंच. चालायला."

आज मी खरंच सांगायला गेलो होतो. पण हे हिला आता कुठल्या तोंडाने सांगू?