स्पिरिट पंपाची खंडेनवमी

आण्णा, काल खंडेनवमी होती आणि मी भर पूजेत मध्ये पडून भांडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळपासून हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. काही पेटलं नाही, कुणाला काही झालं नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत कपाळाला आठ्या घालून बसाल.

तुम्ही कराडकडच्या डिस्टिलरीत वायरमन होता, मी आता सांगलीकडच्या डिस्टिलरीत विजेचं सगळं बघते. पंपघर तुम्ही पाहिलंत तसंच असतं अजून. हवेत स्पिरिटची वाफ, म्हणून साधा दिवा नाही, साधं बटण नाही; सगळं फ्लेमप्रूफ, जाड ओतीव पेटीत बंद. आत भडका उडाला तरी तो बाहेर पडता कामा नये. त्या पेटीचा एक बोल्ट राहिला तरी ती फुकट, हे तुम्ही मला स्वयंपाकघरात आईच्या पिठाच्या डब्यावर शिकवलंत. "एक कोपरा सुटला की झाकण असून नसल्यावानी," असं म्हणत झाकण दाबत होता, आणि आई डबा ओढून घेत म्हणाली, "घरात तरी कारखाना नगं आवं."

तर काल सकाळी मी पंपघराच्या दारात येते तर काय, आत लग्नघर! पंपाला झेंडूच्या माळा, मोटारीला हळदीकुंकू. इथवर ठीक. पण त्यावरून रंगीत दिव्यांची माळ सोडलेली, तिचा एक्स्टेन्शन बोर्ड बाहेरून ओढून फरशीवर ठेवलेला, आणि आमचे थोरले मिस्त्री निरांजनाचं ताट मांडून खिशातून काडेपेटी काढतायत. एरवी हाच माणूस गेटवर सगळ्यांचे खिसे चाचपतो, मोबाइलसुद्धा आत येऊ देत नाही. मी ओरडले, "मिस्त्री, काडी!"

"आवं मॅडम, देवाची काडी हाय ही."

"स्पिरिटला काय कळतंय, देवाची का बिडीची!"

लय मोठ्यानं ओरडले. त्या आवाजानं घाबरून एक जण माळ काढायला वाकला आणि बोर्डातली पिन ओढणार, तेवढ्यात मी पुन्हा किंचाळले. चालू पिन ओढली की ठिणगी पडते, हे तुम्हाला काय सांगायचं! मी बाहेर धावले आणि तिकडच्या पॅनेलवरून वीज तोडली. माळ विझली. सगळ्यांचा राग माझ्यावर.

मिस्त्रींनी काडेपेटी माझ्या हातात दिली. "अर्धी पूजा टाकून पंपाला हात लावायचा न्हाई आमी. तुमी मोडली, आता तुमीच बघा." काल मी थांबवलं, पण ही माणसं मनातून दुखावली तर पुढच्या वर्षी मी दारात नसताना गुपचूप काडी ओढतील. नुसतं ओरडून हे सुटणारं नव्हतं. आणि ओरडण्यापलीकडे मला येतं काय, सांगा!

तेव्हा तुम्ही आठवलात. खंडेनवमीला तुम्ही पंपाचे नटबोल्ट आवळायचे पाने घरी आणता आहात, अंगणात पाटावर मांडता आहात. शेजारचे काका चिडवतात, पंप सोडून पाने कसले पूजता? तुम्ही वातीला तूप लावत म्हणता, "पाना पूजला की पंपाला पोचतं."

मी तेच म्हणाले, शब्द न शब्द. मिस्त्री थांबले. "कुणी सांगितलं?"

"माझ्या वडलांनी. डिस्टिलरीतलेच होते."

त्यांनी पंपाला हात जोडले. मग वळून म्हणाले, "चला रं, उचला पाने. ताट बी घ्या." कुंपणाबाहेर लांब, लिंबाखाली पाट मांडला, तिथं निरांजन लागलं, नारळ फुटला. पहिली आरती मिस्त्रींनी मला करायला लावली, चिडलेले असूनही.

परत येऊन माळ सोडवताना दिसलं, पंपाच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधून स्पिरिट ठिबकत होतं. झेंडूच्या पाकळ्यांखाली फरशी ओली, अगदी ताट होतं तिथंच. मिस्त्रींनी बोट लावून वास घेतला आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. "लय वंगाळ झालं असतं, पोरी." तोवर मी मॅडम होते. मी पण शेजारी बसले. इतकं सुटल्यासारखं वाटलं की हसू आवरेना, आणि मिस्त्री मलाच विचारतात, "काय झालं हसाया?" पुढच्या वर्षी पाट घरून आणणार आहेत, चांगला सागवानी.

फोनवर आईला सगळं सांगून बसले होते, त्यामुळे मलकापूरला आपल्या घरी पोचते तर ती ओवाळायला दारात उभी. तुम्ही कामावरून आलात की असंच व्हायचं. कपड्यांत स्पिरिट मुरलेलं, म्हणून सणाचं पेटत्या निरांजनाचं ताट बघून तुम्ही मागं सरकायचा, "आधी कापडं बदलू दे," आणि न्हाणीकडे जायचा. आईचं तोंड उतरायचं, मला तुमचा राग यायचा. काल मी पण पायरीवरून मागं सरकले. "आई, आधी कपडे बदलते." तिनं ताट खाली घेतलं. "बापावर गेलीस बग," म्हणाली, आणि किती दिवसांनी अशी खळखळून हसली.

हे कुठं पाठवणार, आण्णा? तुमच्या पाने ठेवायच्या पेटीत ठेवून देते. आणि एक, आईला सांगितलेलं नाही. कपडे मी कारखान्यातच बदलले होते, नुसतं तुमच्यासारखं मागं सरकून बघितलं.