आयडर मुक्कामाला जाईनात

प्रिय कुंडलिकराव,

जय भीम. नॉर्वेच्या पार उत्तरेच्या टोकावरून, प्रियदर्शनीच्या घरून लिहितोय. उजनीच्या पाण्यात होडी घालताना अजून कुरकुर होते का? (गुडघ्याची विचारतोय, होडीची नाही.) मी अगदी मजेत आहे. लेक म्हणते, आता कायमचेच राहा, गावी कोऱ्हाळ्यात एकटे काय करणार? मी "बघू" म्हटलंय.

घरासमोरच समुद्र आहे आणि त्यात आयडर नावाची समुद्री बदकं. पोरीनं दुर्बीण दिली, पुस्तक दिलं. नर ओळखायला सोपा. पाठ पांढरी, पोट काळं, मानेमागं कोवळ्या हरभऱ्याची हिरवट झाक. मादी मात्र नुसती तपकिरी, थेट खडकाच्या रंगाची. (एका मादीचं मी तासभर निरीक्षण केलं. भरती आली, पाणी तिच्या डोक्यावरून गेलं, तरी बाई हलेना, तेव्हा गुपचूप पुस्तक मिटलं.) नर "अऽऽऊ" करतात, कुणाची तरी भानगड कानावर आल्यासारखे. ते ऐकत बसलं की पाणी आणि आभाळ एकच दुधी होऊन जातं आणि आपण कुठल्या देशात आहोत तेही आठवेनासं होतं. फार बरं वाटतं हो.

परवा मात्र घोटाळा झाला. "दिवेलागणीला येतो" सांगून मी किनाऱ्यावर गेलो. तुमचा होडीतला नियम डोक्यात पक्का, "पाखरं मुक्कामाला गेल्याबिगर उठायचं न्हाय." बसलो. बदकं बुड्या मारतायत, शिंपले गिळतायत, मुक्कामाचं नाव नाही. सूर्य खाली आला, पाण्याला टेकतोय असं वाटलं आणि पठ्ठ्या पुन्हा वर निघाला! उन्हाळ्यात इथं तो मावळतच नाही, हे पोरीनं सांगितलं होतं, पण माझ्या मनाला दिवेलागण हवीच होती. शेवटी मध्यरात्र उलटल्यावर प्रियदर्शनी घरातल्याच चपलांवर धावत आली. "आवं तात्या, तुमी हितंच हाय व्हय!" म्हणाली आणि रडायलाच लागली. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून आपली बोली ऐकली. मला उठवेचना.

वहिनींना सांगा, तब्येत सांभाळून आहे.

तुमचा,
रामभाऊ

ता. क. : प्रियदर्शनीला एक फोन करा. सांगा, उजनीत अनोळखी बदकं उतरलीत, तात्यांशिवाय ओळखणारं कुणी नाही. (ऐन उन्हाळ्यात कुठली बदकं, असं ती विचारेल. तुम्ही खोकून वेळ मारून न्या.) मला घरी यायचंय. इथं सगळं आहे, पण करमत नाही.

आणखी एक ता. क. : फोन राहू द्या. लेकीशी खोटं नको. पाकीट चिकटवत नाही, पेटीत टाकायला तिच्याकडंच देतोय. तिच्यासमोर माझ्या तोंडून हे निघायचं नाही. तिनं वाचलं तर बरं.