आमच्या घरचं लाईफटाइम

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

सातवीची प्रश्नपत्रिका टाइप करत बसले होते. मधेच स्क्रीनवर लाल चौकट. अँटीव्हायरसची. ‘युवर प्रोटेक्शन हॅज एक्स्पायर्ड.’ फुलीवर दाबलं, गेली. दोन ओळी लिहिल्या, पुन्हा हजर.

एक्स्पायर्ड. ऑगस्टमध्ये त्या तरुण डॉक्टरनंही हाच शब्द वापरला होता. "काकू, पेशंट एक्स्पायर झाले." तेव्हा मला आधी औषधाची बाटली आठवली, तिच्यावरची तारीख. हे गेले, असं त्याला म्हणायचं आहे हे कळायला वेळ लागला.

पण हे अँटीव्हायरस तर लाईफटाइमवालं. माझ्या पोरानं, अंकुशनं स्वतःच्या हातानं टाकलेलं. ते कसं संपेल?

६ नोव्हेंबर, बुधवार

कपाटावरून जुना खोका काढला. निळा, कडा उडालेल्या. समोर मोठ्या अक्षरांत – ‘लाईफटाइम लायसन्स. एकदाच घ्या, निश्चिंत राहा.’ मागे मुंगीएवढी अक्षरं. चष्मा लावूनही वाचता येईनात.

हेल्पलाइनला फोन लावला. कितीतरी वेळ बासरी वाजत राहिली. शेवटी एक मुलगा आला.

"मॅडम, लाईफटाइम म्हणजे त्या व्हर्जनचं लाईफटाइम."

"आणि व्हर्जनचं आयुष्य कोण ठरवतं?"

"कंपनी, मॅडम."

इतक्या गोड आवाजात सांगितलं की रागावताही येईना. मग म्हणाला, रजिस्टर्ड मोबाईल नंबर सांगा. अंकुशचा जुना नंबर सांगितला. "हा नाही आहे, मॅडम." दुसरा कोणता असणार? तेवढ्यात लाइनच कटली.

पुन्हा लावला. पुन्हा बासरी.

७ नोव्हेंबर, गुरुवार

झोपून उठले तेव्हापासून तोच शब्द डोक्यात. लाईफटाइम. या एका शब्दानं आमचं घर फोडलं. इथं लिहिते, दुसऱ्या कुणाला काय सांगणार.

अंकुश तेव्हा बर्डीच्या बाजारात एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. मालकानं ही खोकी विकायला दिली. पोरगं नुसतं हरखून गेलं होतं. "आई, एकदा टाकलं की जिंदगीभर पाहायचं काम नाही." आमच्या नंदनवनच्या गल्लीत घरोघरी त्यानं ते टाकून दिलं. समोरच्या वंदनाताईंकडे, माझ्या शाळेत, यांच्या वाडीच्या गोदामात. हे तिथं सुपरवायझर. यांच्या शब्दावर तिथल्या लोकांनी घेतलं.

वर्ष झालं आणि एकेकाचं बंद पडू लागलं. दुकानाचा मालक म्हणाला, मी नाही विकलं, पोरानं विकलं. लोक आमच्या फाटकाशी यायला लागले. एका रविवारी अंगणात बरेच जमले. चढ्या आवाजात बोलणं सुरू होतं. हे बाहेर गेले. मला वाटलं, पोराची बाजू घेतील.

यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणाले, "माझ्या पोरानं फसवलं तुम्हाले. मी माफी मागतो. असल्या माणसाले मी घरात ठेवत नाही."

अंकुश दारात उभा होता. म्हणाला, "बाबा, मले माहीत नव्हतं. मलेही तसंच सांगितलं होतं." यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो हैदराबादला गेला. फोन करायचा तो मला, मी शाळेत असताना. घरी आला तो थेट यांच्या तेरवीला. पाहुण्यासारखा अंगणात खुर्चीवर बसला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

लोकांचं बंद पडलं, आमचं मात्र चालू राहिलं. काहून, हे मी कधी विचारलं नाही. वाटलं, पोरानं घरी चांगलं टाकलं असेल. बाकीच्यांनाही तेच वाटलं. शाळेत एका बाईनं ऐकवलंही होतं – घरी असली, आम्हाले नकली.

९ नोव्हेंबर, शनिवार

यांचा फोन आजही चार्जिंगला लावला. बँकेची कामं उरलीत, मेसेज येतात, असं मी सगळ्यांना सांगते.

१० नोव्हेंबर, रविवार

अंकुशला फोन केला. जेवण झालं का, थंडी पडली का, सगळं झालं. मग हळूच म्हटलं, "बाबू, तुझं ते लाईफटाइम बंद झालं गा."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आई, तो विषय नको."

"अरे, पण तुझ्या बाबांनी –"

"त्यांचाही नको."

मग म्हणाला, "दुसरं कोणतंही घेऊन टाक. चांगले आहेत बाजारात." असं बोलला, जसं दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा. नीट, हळू. मी फोन ठेवला. यांच्या खुर्चीकडे पाहिलं. मला अजून वाटतं, ते ऐकतात. आता उठतील आणि काही न बोलता अंगणात जातील. अंकुशचा फोन असला की असंच करायचे.

हे लाईफटाइम खोटं निघालं तर पोरगं खोटं निघेल, असं काहीतरी माझ्या मनात बसलंय. म्हणून सोडवत नाही. बाकी कुणाचं काही होवो, या घरात तरी त्याचा शब्द खरा ठरला होता.

१३ नोव्हेंबर, बुधवार

वंदनाताई तिळाची चटणी घेऊन आल्या. कॉम्प्युटर सुरूच होता. लाल चौकट त्यांनी पाहिली.

"तुमचंही गेलं का शेवटी?" मग चटणीचा डबा हातातच धरून म्हणाल्या, "पण वहिनी, आमचं तर वर्षातच गेलं. तुमचं इतके वर्षं चाललं काहून?"

मी म्हटलं, मलाही कळून नाही राहिलं.

"भाऊजी तर साऱ्याइले सांगत. पानठेल्यावर, दळणाच्या चक्कीवर. आमच्या घरी पाहा म्हणे, अजून चालू आहे. पोरगा खोटा नव्हता, तुमच्याच मशीनी जुन्या आहेत. आमचे हे तर एकदा पाहूनही गेले तुमच्याकडे. तुम्ही शाळेत होत्या."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. हे? यांनी सांगितलं?

या घरात यांनी त्या रविवारनंतर अंकुशचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. मी काढलं तर उठून जायचे. फक्त दिवाळी झाली की एखाद्या दिवशी जेवताना विचारायचे, "तुझं मशीन बरोबर आहे ना?" मी हो म्हणायचे. मग भात घ्यायचे.

वंदनाताई गेल्यावर चटणीला हात लावला नाही. यांना आवडायची.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

हेल्पलाइन. बासरी. शाळेतून आल्यावर पुन्हा बासरी. एक मुलगी म्हणाली, नवीन तीन वर्षांचं घ्या मॅडम, ऑफर आहे. मी म्हटलं, मला ऑफर नको, मला उत्तर पाहिजे. तिनं रामदासपेठच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकून रामदासपेठेत गेले. दवाखान्यांच्या गर्दीत, दुसऱ्या माळ्यावर. जिना चढताना औषधांचा वास येत होता. यांना ठेवलं होतं तो दवाखाना तिथून दोन गल्ल्या पलीकडे. त्या बाजूला पाहायचं नाही असं ठरवूनच गेले होते.

काउंटरवर एक मुलगी. गळ्यातल्या कार्डावर नाव – भूमिका. मी खोका तिच्यापुढे ठेवला. सगळा राग तिच्यावरच काढला. म्हटलं, मी मुलांना शब्दाचे अर्थ शिकवते. आजीवनचा अर्थ काय? एक वर्ष? मग खोक्यावर एक वर्ष लिहा ना. एवढं मोठं समोर आणि खरं ते मागे, मुंगीच्या पायाएवढं. तुमच्यापायी लोकांची घरं मोडतात, ठाऊक आहे का?

ती ऐकत राहिली. मग हळू म्हणाली, "काकू, खोके मी नाही बनवत. पण रोज हेच ऐकते." तिनं खोक्यावरचा नंबर टाकून पाहिला. जरा थबकली.

"हे तर केव्हाच संपलं होतं, काकू. पहिल्याच वर्षी. त्यानंतर दरवर्षी पैसे भरून रिन्यू झालं आहे. यंदाच नाही झालं."

मी म्हटलं, चूक आहे. आम्ही कधी काही भरलं नाही.

"ईमेल अंकुश नावानं आहे. तो सुरुवातीपासून तोच. मोबाईल नंबर मात्र नंतर बदलला आहे. थांबा, त्यावर ओटीपी पाठवते. आला तर पुढचं सांगता येईल मले."

मला वाटलं, अंकुशच भरत असेल. हैदराबादहून. चोरून. आता ओटीपी त्याच्याकडे जाईल, तो मला फोन करेल –

माझ्या पर्समध्ये आवाज झाला.

माझा फोन हातातच होता. पर्समध्ये यांचा. बँकेत जायचं म्हणून सोबत घेतलेला. त्या आवाजानं मी अशी दचकले की खोका खाली पडला. फोन काढला. सहा आकडे. मला वाचवेनात. भूमिकानं तो माझ्या हातातून अलगद घेतला आणि आकडे पाहिले.

मग म्हणाली, "तुम्ही बाबाराव काकांच्या घरून आल्या का? वाडीचे? उंच, पांढरा शर्ट?"

मी मान हलवली.

"ते दरवर्षी येतात. दिवाळी झाली की. आधी भांडतात. लाईफटाइम म्हणून विकता, लोकाइच्या पोराइले खोटं पाडता म्हणतात. खूप बोलतात. मग भरतात. एकदा म्हणाले, स्क्रीनवर तारीख नको दिसू दे, लाईफटाइमच दिसू दे. मी म्हटलं, काका, तसं नाही करता येत. तर म्हणाले, बरं, ती काही पाहत नाही तिथं." ती जराशी हसली. "मी विचारलं होतं, काका, इतका राग येते तर दुसरं काहून नाही घेत? म्हणाले, माझ्या पोरानं सांगितलं होतं जिंदगीभर चालन. चालवतो मी."

मागे लोक रांगेत उभे होते.

"यंदा नाही आले काका?"

"गेले ते," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये."

तिनं खाली वाकून खोका उचलला. कोपरा चेपला होता, तो बोटानं नीट केला आणि माझ्यापुढे ठेवला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत गेले नाही. यांच्या खुर्चीत बसून राहिले. कॉम्प्युटर सुरू होता. चौकट येत होती, तिला येऊ दिलं.

मला एवढंच कळत नाही – मला काहून नाही सांगितलं? मी इतकी वर्षं या माणसाला मनातल्या मनात बोल लावत जेवायला वाढलं. बाहेर गल्लीत ते पोराला खरं करत फिरत होते आणि घरात तोंड मिटून बसत होते. अंगणातलं ते वाक्य परत घेता येत नव्हतं म्हणून असेल. लोकांसमोर बोलले, तर लोकांसमोरच फेडत राहिले. पण पोराला फोन करायचा होता ना. एक फोन.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच मतदान करून आले आणि अंकुशला फोन लावला. म्हटलं, विषय नको म्हणू नको, ऐकून घे. सगळं सांगितलं. रामदासपेठ, भूमिका, यांचा फोन पर्समध्ये वाजला ते. यांनी तिथं काय म्हटलं, तेही. शब्द न बदलता.

सांगून झालं. मला वाटलं, लाइन गेली.

"बाबू?"

"दरवर्षी?" त्यानं विचारलं.

"दरवर्षी."

"ठेवतो, आई," म्हणाला, आणि ठेवला.

दिवसभर वाट पाहिली. फोन नाही. त्याचाही नाही, दुसऱ्या कुणाचाही नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मी शाळेला निघत होते तेव्हा फोन आला. आवाज बसलेला.

"आई, मले दरवर्षी मेल येत होता. रिन्यू झालं म्हणून. दिवाळी झाली की मी वाट पाहत राहायचो त्या मेलची." मग म्हणाला, "मले वाटायचं, तू भरून राहिली."